अण्णांच्या पोटातली नस फुगलीय, आत्ताच ऑपरेशन करून टाकावं का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमचे अण्णा 69 वर्षांचे, शेतकरी, अजून पहाटे उठून गोठ्यातलं सगळं तेच बघतात. लघवीला त्रास होत होता म्हणून अंबाजोगाईला सोनोग्राफी केली तर प्रोस्टेट थोडं वाढलेलं निघालं, पण त्याच रिपोर्टात खाली लिहिलेलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय, 4.8 सेंटीमीटर. लातूरचे डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत दाखवा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुटली तर माणूस हाती लागत नाही, स्टेंट टाकून मोकळे व्हा. भाऊ म्हणतो सोयाबीनचे पैसे आले की करूनच टाकू आणि अण्णा म्हणतात मला काही होत नाही, कशाला चिरफाड. बिडी तरुणपणापासून चालूच. आईला तर झोप लागंना. काय करावं?
– एक वाचक, केज तालुका

उत्तर: ताई, अण्णा म्हणतात ते खरंय, ही फुगलेली नस बहुतेकदा दुखत नाही. आणि तुमची भीतीही खरी, कारण एकदा फुटली की बहुतेक माणसं वाचत नाहीत. तरी 4.8 ला ऑपरेशनची घाई करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटात ही नस साधारण 2 सेंटीमीटरची असते, 3 च्या वर गेली की तिला फुगा म्हणतात, आणि पुरुषांमध्ये 5.5 झाली (बायकांमध्ये 5) की ऑपरेशनचा विचार करतात. हा आकडा उगाच आलेला नाही. ब्रिटनमध्ये 4 ते 5.5 च्या मधल्या 1090 पेशंटचे दोन गट केले, एकाचं लगेच ऑपरेशन आणि दुसऱ्यावर फक्त सोनोग्राफीने लक्ष, 1998 ला निकाल आला तर जगण्यात दोन्ही गटांत फरकच नाही. लगेच ऑपरेशन झालेल्यांतले 5.8 टक्के पहिल्या महिन्यातच गेले, आणि लक्ष ठेवलेल्यांत फुटण्याचं प्रमाण वर्षाला साधारण 1 टक्का. अमेरिकेतल्या 2002 च्या अभ्यासातही तेच निघालं. हे सगळं पोट उघडून केलेल्या ऑपरेशनचं, पण नंतर लहान फुग्यात स्टेंट टाकूनही बघितलं, त्यातही आधी टाकल्याचा फायदा दिसला नाही.

पण भावाला हेही सांगा की लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना पुढे ऑपरेशन लागलंच. म्हणजे ऑपरेशन रद्द नाही झालं, आत्ता त्याची वेळ आलेली नाही एवढंच. सोयाबीनचे पैसे आले तर बाजूला ठेवा, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

केजपासून मोठं हॉस्पिटल लांब, मग आपण आधीच करून टाकावं का, असं तुमच्या मनात येत असणार. मला वाटतं अंतर लांब म्हणून तपासणी एकही चुकवायची नाही, पण 4.8 ला ऑपरेशनचं ते कारण होत नाही. सहा महिन्यांनी जाल तेव्हा शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या, कारण मशीन आणि माणूस बदलला की दोन-चार मिलिमीटर इकडंतिकडं होतात, सीटी स्कॅनमध्ये तर आकडा बऱ्याचदा थोडा मोठाच येतो आणि घरचे उगाच घाबरतात. खरंच सहा महिन्यांत अर्धा सेंटीमीटर वाढली किंवा पोटात-पाठीत दुखायला लागलं, तर मग 5.5 ची वाट बघायची नाही.

बिडी मात्र आजच बंद. फुगा वाढवण्यात तिचा मोठा हात असतो, अण्णांच्या हातात असलेला सगळ्यात मोठा इलाज तोच. बीपी मोजून आटोक्यात ठेवा, कोलेस्टेरॉलच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा. शेतात चालणं-फिरणं चालू द्या पण श्वास रोखून पोतं उचलायचं नाही. आणि प्रोस्टेटमुळे लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे पटकन सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन देतात, या जातीच्या गोळ्यांबद्दल अशा पेशंटसाठी अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्येच इशारा दिलाय, तेव्हा कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी फुग्याचं सांगा आणि दुसरी गोळी चालेल का विचारा.

अण्णांना सोडून हे ठरवू नका. पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांपुढे बसवा आणि चिरफाडीची नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. वेळ आलीच तर दोन रस्ते असतात: मांडीच्या नसेतून स्टेंट, यात माणूस लवकर घरी येतो पण पुढे आयुष्यभर स्कॅन करत राहावं लागतं, किंवा पोट उघडून, यात सावरायला महिने जातात पण नंतर मागं फारसं काही लागत नाही. नसेची ठेवण, हृदय आणि किडनी बघूनच ते ठरतं, म्हणून निवडायची वेळ येईल तेव्हा दोन्ही करणाऱ्या सर्जनकडे जा.

अचानक पोटात नाहीतर कंबरेत जोरात कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर मुतखडा असेल म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच 108 ला फोन करा आणि त्यांना फुग्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. अण्णांचे सख्खे भाऊ पन्नाशीच्या पुढचे असतील तर त्यांच्याही पोटाची एकदा सोनोग्राफी करून घ्या, आणि तुमच्या भावाने पन्नाशी गाठली की त्यानेही.