‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं काय करू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ५४. चार महिन्यांपासून शौचावाटे मधूनमधून रक्त पडतंय. मूळव्याध असेल म्हणून घरचीच औषधं केली. मग चक्कर यायला लागली, हिमोग्लोबिन ८.२ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्या म्हणाले. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. माझ्या थोरल्या जाऊबाईंची ही तपासणी आठ वर्षांपूर्वी झाली. ‘जीव नकोसा होतो गं’ एवढंच म्हणतात, पुढचं सांगत नाहीत. परक्या माणसांसमोर तसं झोपायचं या कल्पनेनंच रडू येतं. आणि त्यात काही भलतंच निघालं तर? मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, ‘आई, पॉझिटिव्ह राहा.’ मी ‘हो रे’ म्हणते, फोन ठेवते आणि वाटतं, आपल्याला तेवढंही जमत नाही. कसं राहायचं पॉझिटिव्ह? गौरी-गणपती आटोपल्यावर तपासणी केली तर चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबू नका. रक्त पडतंय, हिमोग्लोबिन उतरलंय, चार महिने आधीच गेलेत. सणासाठी आणखी दिवस घालवू नका. उद्याच फोन करून तारीख घ्या.

आता पॉझिटिव्ह राहण्याचं. मी स्टाफ नर्स म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ वर्षं एंडोस्कोपीच्या, म्हणजे अशा नळीच्या तपासण्यांच्या खोलीत. सुरुवातीला मीही प्रत्येक पेशंटला म्हणायचे, ‘काही होत नाही हो, घाबरू नका.’ एकदा एक बाई टेबलावर कुशीवर झोपल्या होत्या. मंगळसूत्र रुमालात बांधून त्यांनी ते मुठीत धरलं होतं. माझं वाक्य ऐकून त्या हळूच म्हणाल्या, ‘तुम्हाला नसेल होत. मला होतंय.’ ते मला फार लागलं. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं. त्याऐवजी काय होणार आहे ते सांगायला लागले : ‘आता गार जेल लागेल. आता पोट फुगल्यासारखं वाटेल. आता वळण आलंय, अर्धा मिनिट कळ येईल, मग जाईल.’ माणसं त्यानंच शांत व्हायची. तेव्हा मुलाला स्पष्ट सांगा, ‘मला भीती वाटतेय, तू तपासणीच्या दिवशी ये.’ भीती बोलून दाखवली म्हणून तुम्ही कच्च्या ठरत नाही. तसंही त्या दिवशी गुंगीमुळे सोबत कुणीतरी लागतंच.

जाऊबाई खोटं बोलत नाहीत. पण आठवण कशी राहते ते ऐका. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ आणि टोरांटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी नेमका कोलोनोस्कोपीच्याच पेशंटांवर अभ्यास केला, तो १९९६ साली छापून आला. तपासणी चालू असताना पेशंट मिनिटामिनिटाला किती दुखतंय ते सांगत होते आणि नंतर त्यांना एकूण त्रास विचारला. तपासणी किती वेळ चालली याचा त्या आठवणीवर फारसा परिणाम नव्हता. सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं, एवढंच मनात राहिलं होतं. पुढे २००३ साली ६८२ पेशंटांचा अभ्यास आला. त्यातल्या निम्म्यांची तपासणी संपताना नळीचं टोक थोडा वेळ न हलवता तसंच ठेवलं होतं. वेळ जास्त लागूनही त्यांना एकूण त्रास कमी आठवला. जाऊबाईंच्या आठवणीतही बहुधा एखादी मोठी कळ तेवढी राहिली असेल. त्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही विचारा. तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मला गुंगी हवी आहे.’ बरेच पेशंट नंतर ‘झालं पण?’ असं विचारतात.

प्रत्यक्षात होतं ते असं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. साधारण बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी आत जाते, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. मोठं आतडं दीडेक मीटर लांब. ते उघडावं म्हणून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पोट फुगतं. कळ येते ती या ताणामुळे आणि वळणांवर. तपासायला आतून लहानसा तुकडा काढला तरी दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याचं कळत नाही. सगळं मिळून साधारण अर्धा तास. हवा सरली की पोट हलकं होतं. तिथे वारा सरण्याची लाज धरू नका, आम्ही नर्स पेशंटला मुद्दाम सांगायचो, ‘सोडा, सोडा.’

लाजेचं मला चांगलं कळतं. ५२व्या वर्षी माझी स्वतःची तपासणी झाली, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांना धीर दिलेला असूनही गाऊन घालताना माझे हात थरथरत होते. दोन गोष्टींनी मला आधार मिळाला. खोलीत एक बाईमाणूस असावं असं मी आधीच सांगितलं होतं, आणि अंगावर शेवटपर्यंत चादर राहू द्या म्हणून विनंती केली होती. तुम्हीही सांगा. बऱ्याच ठिकाणी मागे फट असलेली कागदी पँट देतात. लागतं तेवढंच उघडं राहतं.

खरा कंटाळा आदल्या दिवसाचा. पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते, निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी सकाळी, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. चव खारट-गुळचट. पाणी फ्रिजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या, मधे लिंबाची फोड चोखा. गार पाणी पिऊन हुडहुडी भरते, शाल जवळ ठेवा. धुऊन धुऊन कातडी सोलवटते, म्हणून पहिल्या खेपेपासूनच खोबरेल तेल लावा. शौचाला फिकट चहासारखं निवळ पाणी व्हायला लागलं की काम झालं. तोवर चिकाटी सोडू नका. पोट नीट साफ नसेल तर डॉक्टरांना आतलं दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा चालतो. कोकम सरबत आणि बीट मात्र नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. त्याआधीचे दोन-तीन दिवस पेरू, डाळिंब, तीळ, पालेभाज्या बंद. तुमच्या लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. पण हे फोनवर डॉक्टरांना विचारूनच करा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचंही विचारा, आपल्या मनानं काही थांबवू नका.

‘भलतंच निघालं तर’ हा प्रश्न मी टाळणार नाही. कॅन्सर निघू शकतो. मूळव्याध, सूज, अल्सर, पॉलिप, यातलंही काही निघू शकतं. पॉलिप म्हणजे अस्तरावरची लहानशी गाठ. काही पॉलिपांचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला सहसा बरीच वर्षं लागतात, आणि बहुतेक पॉलिप त्याच नळीतून तिथल्या तिथे काढता येतात. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी असं पहिल्यांदा करून दाखवलं. त्याआधी त्यासाठी पोट उघडावं लागे. तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच, असंही धरून चालू नका. रिपोर्टला काही दिवस लागतात. ते दिवस अवघड जातील. तेवढे दिवस मुलाला राहायला बोलवा.

टेबलावर मनाला काहीतरी काम द्या. आमच्याकडे एकदा निवृत्त एसटी कंडक्टर आले होते, त्यांना गुंगी नको होती. त्यांनी डोळे मिटले आणि कोल्हापूरहून पुण्याचे थांबे म्हणायला सुरुवात केली. पेठनाका, कासेगाव, कराड, उंब्रज, नागठाणे, सातारा, पाचवड... कळ आली की थांब्याचं नाव लांबवायचे, श्वास पुरेल तितकं. ‘सुरूऽऽऽर’ म्हणताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला. मग घाट आला, खंडाळा आलं, आणि शिरवळ म्हणाले तोवर डॉक्टर नळी बाहेर काढत होते. तुमची वाट तर ओळखीचीच आहे. किंवा मनातल्या मनात पुरणपोळी करायला घ्या, डाळ निवडण्यापासून.

आणि घरी सांगून ठेवा : आल्यावर मऊ भात, तूप, मेतकूट. भूक कडकडून लागते. कुकर जाऊबाईंनाच लावायला सांगा, आणि जेवता जेवता त्यांचं राहिलेलं पुढचं विचारा.