रोज देवाची क्षमा मागतो, पण मुलीची नाही

"इतकी वर्षं प्रभूमागे चालतोय, तरी माझा स्वभाव आहे तसाच आहे. माझं तारण खरं आहे ना?" तारण म्हणजे पापातून सुटका. समुपदेशनात हा प्रश्न बहुधा उठता उठता, दुसऱ्याच कुठल्या विषयाच्या आडून विचारला जातो. विचारणारे बरेचदा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यात जास्त राबणारे असतात.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशीतले गृहस्थ, मंडळीचे पंच, तरुणांचा बायबल अभ्यास घेणारे. येताना वही घेऊन आले होते. गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातलं पवित्र आत्म्याचं फळ, म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, असे नऊ रकाने आखलेले. रोज रात्री स्वतःला गुण द्यायचे. सहनशीलतेच्या रकान्यात नुसत्या फुल्या. स्वतःच्या आत्म्याचं प्रगतिपुस्तक ते स्वतःच भरत होते आणि स्वतःच नापास होत होते.

निमित्त ताजंच होतं. त्यांनी शाळकरी मुलीला तिच्या मैत्रिणींदेखत अद्वातद्वा बोलून रडवलं होतं. कारण किरकोळ होतं. मोबाइल वेळेवर ठेवला नाही, एवढंच. त्याच संध्याकाळी नेहमीप्रमाणे कौटुंबिक प्रार्थना झाली. मुलगी मान खाली घालून बसली, तिने आमेन म्हटलं नाही. रात्री यांनी गुडघे टेकून, रडून क्षमा मागितली आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात मुलीला हाक मारली. तिने ओ दिली नाही, तेव्हा पुन्हा चिडले.

"मुलीशी काय बोललात?" मी विचारलं.

"तिच्याशी काय बोलायचं, ताई? देवाने क्षमा केली, विषय संपला. दावीदसुद्धा ५१व्या स्तोत्रात म्हणतो ना, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं."

पंचांना वचन तोंडपाठ असतं, ही एक अडचणच असते. मी म्हटलं, त्या स्तोत्राचा मथळाही वाचा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मारवलं, आणि त्याबद्दल नाथान संदेष्टा जाब विचारून गेल्यावरचं ते स्तोत्र आहे. क्षमा मागायला जावं तर उरीया तोवर मेलेला होता. तुमची मुलगी शेजारच्या खोलीत आहे.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ख्रिस्तासारखा स्वभाव म्हटलं की आपल्यापुढे कधीही न चिडणारा, सतत मंद हसणारा माणूस येतो. तसं होता येत नाही म्हणून आपण खचतो, आणि जे आज, याच घरात करता येण्यासारखं असतं ते राहून जातं. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूने फार अडचणीची आज्ञा दिली आहे. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. दुखावलेला समोरचा आहे आणि उठून जायचंय आपण, तेही उपासना अर्धी टाकून. जक्कय या जकातदाराचंही पाहा. त्याने नुसता पश्चात्ताप सांगितला नाही. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला, आणि 'आज या घराला तारण झालं' हे शब्द प्रभूने त्यानंतर उच्चारले. देवाशी हिशेब चुकता करून माणसांना वगळायची सोय शुभवर्तमानात कुठे सापडत नाही.

मुलीला काय सांगणार ते मी त्यांना लिहून आणायला सांगितलं. पहिला मसुदा असा होता: "मी रागावलो, चुकलं, पण तूही ऐकत नाहीस." 'पण'पासून पुढचं सगळं खोडलं. दुसऱ्या मसुद्यात बायबलची तीन वचनं होती. तीही काढली, कारण मुलीला क्षमा करायला भाग पाडणं हाच त्यांचा उपयोग होता. शेवटी उरलं ते असं: तुझ्या मैत्रिणींसमोर मी तुला लाज आणली. ते चूक होतं. तू लगेच काही बोलली नाहीस तरी चालेल.

मुलगी "बरं" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. हे हिरमुसले. गळ्यात पडून रडणं वगैरे अपेक्षित होतं, असं त्यांनी कबूल केलं. मी सांगितलं की क्षमा मागणं तुमच्या हातात आहे, ती कधी द्यायची हे तिच्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. या घरात कधी हात उगारला गेला नव्हता. ते मी त्यांच्या पत्नीला वेगळं बोलावून विचारून घेतलं. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, घरातली माणसं धास्तावून जगताहेत, तिथे क्षमायाचनेवर विसंबून चालत नाही. आधी त्यांची सुरक्षितता. 'ख्रिस्ताने सोसलं, तूही सोस' असं अशा बाईला सांगणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

मग रागाकडे वळलो. येशू रागावलाच नाही असं नाही. मार्क ३:५ मध्ये हात वाळलेल्या माणसाला शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बरं केलं तर दोष ठेवता यावा म्हणून टपून बसलेल्यांकडे तो रागाने पाहतो, त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे खिन्नही होतो. तो राग त्या माणसासाठी होता, आणि त्यानंतर लगेच त्याचा हात बरा झाला. मी वहीतले नऊ रकाने बंद करायला लावले आणि दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: हा राग कोणासाठी होता? आणि त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं?

पहिल्याचं उत्तर जवळजवळ दर वेळी 'माझ्या मानासाठी' असं निघालं. दुसऱ्याच्या उत्तराने मात्र आम्हा दोघांनाही चकित केलं. सगळ्यात वाईट संध्याकाळी मंडळीच्या सभांहून परतल्यावरच्या होत्या. पंच मंडळाची बैठक, प्रार्थना गट, गायनाचा सराव. झोप अपुरी, डोकं तापलेलं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. होरेब डोंगरावरचा देवाशी संवाद त्यानंतरचा. थकव्याला भक्तीचं लक्षण मानायची आपल्या मंडळ्यांची सवय मला मुळीच पटत नाही.

एक जबाबदारी सोडा म्हटलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला. मुलीची क्षमा मागणं त्यामानाने सोपं गेलं होतं. पाळकांशी बोलून अखेर गायनाचा सराव दुसऱ्याकडे दिला.

तारणाबद्दलचा त्यांचा मूळ प्रश्न मी टाळला नाही. आत्म्याच्या फळाची यादी पौलाने ज्यांना लिहिली, त्याच मंडळ्यांना त्याच अध्यायात, काही ओळी आधी, एकमेकांना चावून खाल तर जपा, असं बजावावं लागलं होतं. याकोब आणि योहान या शिष्यांना प्रभूनेच 'गर्जनेचे पुत्र' हे नाव दिलं. शोमरोनी गावाने उतरायला जागा दिली नाही म्हणून आकाशातून अग्नी पाडू का, असं विचारणारे हेच दोघे. प्रभूने त्यांना धमकावलं, पण शिष्यांतून काढलं नाही; सगळे मिळून दुसऱ्या गावाला गेले. स्वतःच्या रागाचं दुःख होणं हे पवित्र आत्मा सोडून गेल्याचं लक्षण मी मानत नाही. दुःखच होईनासं झालं, तर मला काळजी वाटली असती.

काही महिन्यांनी ते उत्साहात आले. रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची होती, प्रभूने माझा स्वभाव कसा बदलला याची. मी म्हटलं, गोष्ट मुलीचीही आहे, आधी तिला विचारा. तिने सांगितलं, "अजून नको, पप्पा. तुम्ही अजून ओरडता. पण आता नंतर येऊन बोलता." ही दोन्ही वाक्यं त्यांनी मला फोनवर सांगितली, पहिलं थोडं दुखावलेल्या आवाजात. साक्ष त्यांनी दिलेली नाही. भेटी चालू आहेत.