1969 च्या कॅमेरोत पॉवरग्लाइडच्या जागी 700आर4 बसवताना

350 घनइंची इंजिनाची 1969 ची कॅमेरो, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे 3.73 चं डिफरन्शियल (म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे 3.73 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक), आणि फ्रीवेवर इंजिन फार ओरडतं म्हणून 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर बसवा. ताशी 70 मैलांना आज तुमचं इंजिन साधारण 3,400 आरपीएमवर असणार; 0.70 च्या चौथ्या गिअरात ते 2,400 च्या खाली येईल. पहिला गिअरही 1.8 च्या जागी 3.06 चा मिळतो, त्यामुळे गाडी जागेवरून जोरात उचलेल. मागे 2.73 असतं तर मात्र मी नको म्हटलं असतं, चौथ्यात इंजिन रखडलं असतं.

700आर4 चा बॉक्स 1987 किंवा त्यानंतरचा शोधा. अगदी सुरुवातीच्या बॉक्समधला 27 स्प्लाइनचा (दात्यांचा) इनपुट शाफ्ट नाजूक आहे.

मापं फार त्रास देत नाहीत. बॉक्स सुमारे 3 इंच लांब आणि माउंट सुमारे 2 इंच मागे, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) कापून बॅलन्स करून घ्या. क्रॉसमेंबर, म्हणजे बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा, या गाडीसाठी तयार मिळतो. योक, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक, जुनाच चालतो.

खरा जीव टीव्ही केबलमध्ये आहे, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हच्या केबलमध्ये. टर्बो 350 या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची केबल किकडाउनपुरती (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडण्यापुरती) असते, म्हणून लोक हिलाही तसंच धरतात. 700आर4 मध्ये आतल्या ऑइलचा दाब हीच केबल ठरवते. ती सैल राहिली की दाब कमी पडतो, तिसऱ्या-चौथ्याचे क्लच घसरतात आणि जळतात, मग बॉक्स कालच बांधून आणलेला का असेना. होली किंवा एडलब्रॉक कार्ब्युरेटर असेल तर लिव्हरवर करेक्टर ब्रॅकेट लावाच, नाहीतर केबल योग्य प्रमाणात ओढली जात नाही. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला लावा आणि स्वतः कार्ब्युरेटरपाशी उभे राहा: थ्रॉटल पूर्ण उघडला की केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे, सोडल्यावर तिच्यात ढील नको. त्यानंतर प्रेशर गेज लावून खात्री करा. हे होईपर्यंत गल्लीतसुद्धा एक फेरी मारू नका.

कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग, फिरवत फिरवत पूर्ण आत बसवा. बेलहाउसिंग (बॉक्सचं इंजिनाकडचं घंटेसारखं तोंड) इंजिनाला हातानंच टेकलं पाहिजे आणि तेव्हा कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाच्या मागच्या चकतीमध्ये) 3 ते 5 मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो.

लॉकअपची, म्हणजे कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणाऱ्या क्लचची, वायर जोडा, ब्रेक दाबल्यावर तो सुटेल असा स्विच द्या. लॉकअपशिवाय चौथ्यात ऑइल तापत राहतं. वेगळा कूलरही लावाच.

काढलेला पॉवरग्लाइड विकू नका. त्याच्यावर तुमच्या गाडीच्या नंबराचा शिक्का असेल, तर तो गाडीच्या कागदांइतकाच महत्त्वाचा आहे. ऑइल काढून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा.