कोल्हापूर ते लेह विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

सरळ रेषेत साधारण १,९७० किलोमीटर. जेट विमान मधे कुठं न थांबता गेलं तर पावणेतीन-तीन तास. पण असं थेट विमानच नाही, त्यामुळं हा आकडा घरात कुणाला सांगू नका. आमच्या दाजींना तर नकोच.

मी फौजेत होतो, पोस्टिंग लेहला. धाकट्या बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली आणि नेमके ढग उतरले. लेहची धावपट्टी ३,२५० मीटरवर, चारी बाजूंनी डोंगर. वैमानिकाला समोरचं दिसलं पाहिजे, नाहीतर उतरायचं नाव नाही. दुपारी वारा सुटतो, ऊन चढलं की विरळ हवा आणखी विरळ होते आणि भरलेलं विमान उचलत नाही. म्हणून जे काही उडायचं ते सकाळीच. चंडीगडच्या कुरियरसाठी, म्हणजे जवानांची ने-आण करणाऱ्या हवाई दलाच्या विमानासाठी, आम्ही अंधारात सामान बांधून बसायचो आणि थोड्या वेळानं निरोप यायचा, आज कॅन्सल. तेव्हा हिवाळ्यात झोजिला खिंड बंद, रोहतांग खिंड बंद. रस्त्यानं उतरायची सोयच नव्हती.

शेवटी चंडीगड, तिथनं दिल्ली, मग गोवा एक्सप्रेस. मिरजेला उतरलो तेव्हा बहीण सासरी पोचलेली. कानपिळी चुलतभावानं केली. आणि थोरले दाजी भर मांडवात सांगून मोकळे, "अडीच तासांचं विमान, ह्याला यायचंच नव्हतं." अहो, तेव्हा उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, प्रवासी विमानं बंद होती! उडान योजनेतून २०१८ ला परत सुरू झाली. दाजींचं विमान उतरणार कुठं होतं, रंकाळ्यात? आजही ते मोबाईलवर अंतर काढून मला दाखवतात. दोन ठिपक्यांत रेघ ओढली की झाला ह्यांचा प्रवास.

तुमचं म्हणाल तर कोल्हापूरहून मुंबई, हैदराबाद नाहीतर बेंगळुरू, तिथनं दिल्ली, मग लेह. दिल्ली-लेह हवेत सव्वा-दीड तासच, पण विमानं बहुतेक सकाळची, त्यामुळं रात्र दिल्लीत काढावी लागते. म्हणजे घरातनं निघाल्यापासून पुरता एक दिवस तरी धरा. पोचल्यावर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहा. आम्हा जवानांनासुद्धा तिथं सहा दिवस हवेची सवय करून घ्यायला लावतात. पहिल्याच दिवशी आणखी उंचावरची खारदुंगला खिंड बघायला पळणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

हां, वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. आणि परत येऊन कुणाच्या लग्नाला उभं राहायचं असेल, तर हळदीच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढू नका. चार दिवस हातात ठेवून निघा, आणि एवढी रजा कशाला म्हणून विचारणाऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. आमच्या दाजींना मी लिंक पाठवतोच आहे.