नाशिकच्या ट्रेकर मित्रांनी गुलमर्गच्या ताज्या बर्फात, आखलेल्या उतारांबाहेर स्कीइंगला जावे का?

आपला प्रश्न असा आहे की, सह्याद्रीत नेहमी ट्रेक करणाऱ्या आणि गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलेल्या नाशिकच्या दोन मित्रांनी पुढच्या हिवाळ्यात आखलेल्या उतारांबाहेर, ताज्या भुसभुशीत बर्फात एक दिवस घालवावा का. जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी घट्ट बर्फाच्या उतारावर हवे तिथे वळता आणि थांबता आले पाहिजे, सोबत स्थानिक गाइड असला पाहिजे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो मित्र आपल्यासोबत येणार, तो आपल्याला बर्फाखालून बाहेर काढू शकला पाहिजे. मीही नाशिकचाच असून एका जुन्या मित्रासोबत तेथे जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हरिहरच्या पायऱ्या आणि साल्हेरची चढण ज्याने पायाखाली घातली आहे, त्याच्याकडे दम असतो आणि उंचीची भीती मोडलेली असते. हे दोन्ही उपयोगी पडते. पण जितका उभा कडा तितका धोका मोठा, ही आपली नजर बर्फात फसवते. सलग थर सुटून होणारी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमक्या त्याच उतारांवर, जे पाहून स्की लावलेल्या माणसाला मोह पडतो. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ धारेच्या आडोशाला जाड साचतो, आणि त्याखाली साखरेसारखा सुटा, दाणेदार थर असला, तर वरचा सारा थर एका माणसाच्या वजनानेही निसटू शकतो. गुलमर्गवरच्या अफरवट पर्वताच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश, आणि गुलमर्गमध्येच फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. एका फेब्रुवारीत रात्रभर बर्फ पडल्यामुळे गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा, जो सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, सकाळी बंद होता. वर जाण्याचा हट्ट न धरता आम्ही गाइडच्या सल्ल्याने कोंगडोरीहून, म्हणजे पहिला टप्पा संपतो तेथून, खालच्या देवदारवर्गीय झाडांचा, कमी कलाचा भाग निवडला. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखालच्या माणसाचा माग लावणारे अंगावरचे छोटे रेडिओ यंत्र, संदेश सोडतो आणि पकडतोही, हे एकमेकांसमोर उभे राहून तपासले. चढताना स्कीच्या तळाला स्किनच्या पट्ट्या चिकटवतात. त्यांचे केस मागच्या दिशेने झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. उतरताना एका वेळी एकानेच उतरायचे, दुसऱ्याने सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरची नजर ढळू द्यायची नाही, आणि तो पोहोचल्याची खूण मिळाल्यावरच आपण निघायचे. वाटेत एकदा पायाखालून ‘हुम्’ असा दबका आवाज आला. आतला कमकुवत थर खचल्याचा तो इशारा असतो. मित्र तत्काळ थांबला, आणि आम्ही त्या बाजूचा उतार सोडून दिला.

खोल बर्फातील आनंद मात्र खरोखर अपूर्व आहे. स्कीचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, बर्फ गुडघ्यांवरून छातीपर्यंत उडतो आणि वळण तुम्ही घेण्याऐवजी ते आपोआप घडल्यासारखे वाटते. घट्ट बर्फावर भार बाहेरच्या स्कीवर देतात. येथे तो दोन्ही स्कींवर जवळजवळ सारखा ठेवावा लागतो. पडल्यावर हात नुसताच खोल जातो, म्हणून दोन्ही काठ्या आडव्या-तिरप्या ठेवून त्यांवर जोर देत उठायचे. स्की सुटली तर आधी वरच्या बाजूला, पडलो तेथे शोधावी.

बचावाचा सराव नाशिकमध्येच करता येतो, आणि तो केल्याशिवाय जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात खालून मदत पोहोचत नाही, म्हणजे सोबतीच बचावपथक असतो. आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला, शेतमालकाला विचारून, नांगरलेल्या रानात ट्रान्सीव्हर डब्यात घालून पुरतो आणि एकाने दुसऱ्याची वेळ मोजायची, असे करतो. ४५७ किलोहर्ट्‌झचा संदेश शोधणाऱ्याला वक्र रेषेने नेतो, त्यामुळे यंत्रावरचा बाण सरळ दाखवत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. अंतराचा आकडा सर्वांत कमी येईल तेथे यंत्र जमिनीलगत आणून प्रोब, म्हणजे शोधायची लांब काठी, पृष्ठभागाला काटकोनात खुपसायचा, लागला की तो तसाच ठेवायचा, आणि फावड्याने उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचे. खिशातला मोबाइल शोध बिघडवतो. तो बंद करून दूर ठेवावा.

पुढील शिक्षणासाठी गुलमर्गचीच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था पाहावी. नाशिक साधारण सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे पहिला दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी ठेवावा. निफाडची थंडी सोसली, एवढ्यावर विसंबू नये. परतीच्या तिकिटाआधीही दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, कारण जोरदार बर्फवृष्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोकादायक असतो, आणि दुसऱ्या दिवशी विमान गाठायचे असलेल्या माणसाला तो सोडून देणे फार अवघड जाते.