८ × ४ फुटांच्या एचओ लेआउटवर उच्चदाब वाहिनीचा मनोरा केवढा घ्यावा आणि कुठे बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॉडेल रेल्वेचा (एचओ, म्हणजे १:८७ मापाचा) ८ × ४ फुटांचा बोर्ड, त्यावर ४५७ मिमी त्रिज्येचा एकेरी अंडाकृती ट्रॅक, त्यावर बॉक्सएन वाघिणींची कोळशाची गाडी. तिच्यावरून विजेची उच्चदाब लाइन न्यायची आहे. जर्मन किटचे दोन मनोरे रुळालगत उभे करून पाहिले, पण ते खेळण्यासारखे दिसतात आणि तारा कधी सैल पडतात, कधी मनोराच वाकवतात.

मनोऱ्याची कारागिरी हा दुय्यम भाग आहे. आधी जागा चुकली आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

भारतात रेल्वे ओलांडणाऱ्या वीजवाहिनीचा मनोरा रुळाला खेटून उभा करता येत नाही. जवळच्या रुळाच्या मध्यापासून त्याचं अंतर किमान मनोऱ्याची उंची अधिक ६ मीटर हवं. कारण उघड आहे: उद्या तो आडवा झाला तरी गाडीवर पडू नये. आता हिशेब करा. १३२ केव्हीचा (किलोव्होल्टचा) दुहेरी सर्किटचा, म्हणजे तारांचे दोन संच वाहणारा मनोरा साधारण ३० मीटर उंच धरला, तर अंतर ३६ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये ४१.४ सेमी. तुमच्या अंडाकृतीच्या मागच्या आणि पुढच्या रुळांत मध्य ते मध्य ९१.४ सेमी अंतर आहे. मनोरा बरोबर मधल्या रेषेवर ठेवला की दोन्ही रुळांपासून ४५.७ सेमी मिळतात आणि नियम दोन्हीकडे पाळला जातो. पुढेमागे सरकवायला जेमतेम ४ सेमी उरतात. २२० केव्हीचा ३६ मीटरचा मनोरा घेतला तर ४८.३ सेमी लागतात, म्हणजे तो तुमच्या बोर्डावर खरेपणाने बसूच शकत नाही. ४०० केव्हीचा विचार सोडून द्या. अर्ध्या मीटरहून उंच मनोरा ४ फुटी बोर्डावर उभा राहिला की गाडी मुंगीसारखी दिसते.

तेव्हा १३२ केव्ही, एकच पूर्ण मापाचा मनोरा, बोर्डाच्या मध्यावर, उंची ३४.५ सेमी. दोन मनोऱ्यांतलं खरं अंतर ३००-३५० मीटरच्या आसपास असतं. ३२० मीटर धरले तरी एचओमध्ये ३.६८ मीटर होतात. दुसरा पूर्ण मापाचा मनोरा बोर्डावर येण्याचा प्रश्नच नाही.

मग लाइन येते कुठून आणि जाते कुठे? माझा सल्ला: ती मागच्या पडद्याकडून येऊ द्या, मागचा रूळ काटकोनात ओलांडू द्या, मधल्या मनोऱ्यावर संपवा आणि तिथून रेल्वेच्या ट्रॅक्शन सबस्टेशनात (इंजिनांना वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रात) उतरवा. सबस्टेशन पुढच्या रुळाच्या आतल्या बाजूला ठेवा. त्यामुळे समोरून बघणाऱ्याच्या हाताला तारा लागत नाहीत आणि लाइन इथे का आली आहे हेही न सांगता कळतं. महाराष्ट्रात १३२ केव्हीवर पोसलेली अशी सबस्टेशनं आहेत. आत १३२/२५ केव्हीचा, २१.६ एमव्हीए क्षमतेचा एकफेजी ट्रान्सफॉर्मर हे नेहमीचं चित्र. त्याला दोनच फेज लागतात, म्हणून खास त्यासाठी आलेल्या वाहिनीत एका सर्किटमागे तीनऐवजी दोन तारा दाखवता येतात. आपलं कामही तेवढंच कमी.

जर्मन किटबद्दल एक गोष्ट. त्यांचा प्रचलित मनोरा दोन आडव्या हातांचा असतो: वर एकेक तार, खाली रुंद हातावर दोन-दोन. आपल्याकडचा दुहेरी सर्किटचा मनोरा म्हणजे एकाखाली एक असे तीन हात आणि टोकाला अर्थवायर. कोळशाची बॉक्सएन गाडी आणि वर जर्मन मनोरा ही जोडी जाणत्या डोळ्याला लगेच खटकते. किट कापून तीन हातांचं करण्यापेक्षा नवा बांधणं सोपं.

मनोऱ्याचा प्रकारही महत्त्वाचा. सरळ लाइनवरच्या ‘ए’ प्रकारच्या मनोऱ्यावर इन्सुलेटरची माळ उभी लोंबते. वळणावर ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ येतात. तिथे माळ तारेच्या ओढीने आडवी असते आणि दोन बाजूंच्या तारांना जोडणारा जंपर हाताखाली सैल वळसा घेऊन जातो. रेल्वे ओलांडताना आणि लाइन संपते तिथे हा ताण घेणारा मनोराच लागतो. तुमचा मनोरा ‘डी’ प्रकारचा, दोन सर्किट म्हणून ‘डीडी’. त्यावर लोंबत्या माळा लावल्या तर बाकी सगळं बरोबर असूनही चूक, आणि जंपर गाळणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

मापं अशी घ्या. पाया ७० × ७० मिमी, वर कमरेशी २२ × २२ मिमी. तीन हात ४५-४५ मिमी अंतराने; मध्यापासून टोकापर्यंत प्रत्येक हात साधारण ४० मिमी. सर्वांत खालचा हात जमिनीपासून २२ सेमीवर. चार पायांना १.५ मिमीचा पितळी एल-अँगल, जाळीला १ × ०.५ मिमी पट्टी. हातांसकट ५ ते ६ मीटर पट्टी लागते. प्लास्टिकचा अँगल कापायला सोपा, पण ताण घेणाऱ्या मनोऱ्याला तो वापरू नका. सततच्या ओढीने प्लास्टिक हळूहळू वाकतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही, उन्हाळ्यात मनोरा मान टाकतो.

एका बाजूचं रेखाचित्र मॉडेलच्या मापात छापून एमडीएफच्या तुकड्यावर चिकटवा, पायांच्या कडेला खिळे ठोकून साचा करा. समोरासमोरच्या दोन बाजू सपाट अवस्थेत पूर्ण झाळून घ्या, मग त्या उभ्या करून उरलेल्या दोन बाजूंची जाळी भरा. नवा सांधा झाळताना शेजारचा सुटतो ही नेहमीची तक्रार. ओल्या कापसाचा बोळा आधीच्या सांध्यावर ठेवला की सुटत नाही. ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, मात्र टोक स्वच्छ हवं आणि फ्लक्स अगदी थोडा. काम झाल्यावर गरम पाणी आणि जुन्या ब्रशने फ्लक्स धुऊन काढा. राहिला तर पावसाळ्यात सांध्यांवर हिरवी बुरशीसारखी पूड चढते आणि रंग सुटतो.

रंग चंदेरी मारू नका. जस्ताचा मुलामा काही वर्षांत राखाडी, निस्तेज होतो. प्राइमर, त्यावर मॅट फिकट राखाडी, पायाकडे किंचित मातकट. प्रत्येक पायाखाली ४ मिमी उंचीचा काँक्रीटचा ठोकळा दाखवा. जमिनीपासून ४ सेमीवर काटेरी तारेचा पट्टा आणि धोक्याची पाटी. एवढं पुरे.

इन्सुलेटरला बाजारातले ८/० आकाराचे तपकिरी काचमणी घ्या. खरी चकती २५५ मिमी व्यासाची, एचओमध्ये २.९ मिमी, मणी साधारण ३ मिमीचा. १३२ केव्हीच्या ताणमाळेत १० चकत्या असतात, १४५ मिमीच्या अंतराने, म्हणजे मॉडेलमध्ये १६.७ मिमी. मणी चकतीपेक्षा जाड असल्यामुळे ८ मण्यांतच ही लांबी भरते. इथे संख्येपेक्षा लांबी सांभाळा, कारण डोळा मणी मोजत नाही. रूळ ओलांडणाऱ्या बाजूला प्रत्येक तारेला दुहेरी माळ द्या. हिशेब: दोन सर्किटच्या मिळून चार तारा, एका बाजूला दुहेरी म्हणजे ८ माळा, सबस्टेशनकडे एकेरी ४; एकूण १२ × ८ = ९६ मणी. शंभराचं पाकीट घ्या. चमक कमी करायला मॅट वार्निशचा अगदी पातळ हात. चिनीमातीला थोडी झळाळी असतेच.

आता तारा. १३२ केव्हीवर ‘पँथर’ नावाची वाहक तार वापरतात, व्यास २१ मिमी, एचओमध्ये ०.२४. मोटार वाइंडिंगची ३३ गेजची एनॅमल तार ०.२५ मिमीची असते, तीच घ्या. सुती दोऱ्याला केस सुटतात आणि ओलाव्याने तो कधी ताठ, कधी ढिला होतो. मॉडेलवाल्यांची लवचीक दोरी हात लागला तरी तुटत नाही, पण ती कायम सरळ राहते. सरळ तार म्हणजे खोटी तार. दागिन्याची बारीक साखळी आपोआप छान लोंबते खरी, जवळून मात्र साखळीच दिसते.

तांब्याची तार स्वतःच्या वजनाने झोल घेत नाही, तो तुम्ही द्यायचा. तारेचं एक टोक शिकंज्यात धरून दुसरं पकडीने हळूच ओढा. किंचित ‘सुटल्यासारखं’ जाणवलं की थांबा. आता तार सुईसारखी सरळ झाली. झोल अंतराच्या सुमारे २ टक्के धरा. शास्त्र काटेकोर लावलं तर झोल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि आखूड केलेल्या अंतरावर जवळपास नाहीसा होतो; इथे शास्त्र बाजूला ठेवून प्रमाण राखा. ५६ सेमी अंतराला ११ मिमी. पुठ्ठ्यावर ती कमान एकदा आखून कापा आणि चारही तारा तिच्यावरून बोटाने वळवा. चारींचा झोल एकसारखा आला पाहिजे; एक तार २ मिमीने जरी वेगळी लोंबली तरी नजर तिथेच अडते. अर्थवायर याहून बारीक आणि झोलाला थोडी कमी.

मागचं टोक कुठे अडकवायचं? मागच्या रुळापलीकडे तुमच्याकडे १५ सेमी जागा आहे. पडद्यापासून ५ सेमीवर, म्हणजे आपल्या मनोऱ्यापासून ५६ सेमीवर, एन स्केलचा म्हणजे १:१६० चा मनोरा उभा करा, उंची १८.८ सेमी. हा प्लास्टिकचा चालेल. त्याच्यामागे पडद्यावर ७-८ सेमीचा आणखी एक मनोरा रंगवा, फिकट निळसर राखाडीत. तारा एकमेकींच्या जवळ येत येत दूर जातात आणि खोली तयार होते. एक अट: एन स्केलच्या मनोऱ्याचा पाया झाडीमागे किंवा छोट्या टेकाडामागे लपलेला हवा. पाया आणि एचओ वाघीण एकत्र दिसली की लबाडी उघडी पडते.

तारांचा सगळा ताण मधल्या मनोऱ्यावरच येऊ द्या. त्याचे चारही पाय बोर्डाच्या आरपार १ मिमीच्या पितळी खुंट्यांनी बसवा, गोंदावर भरवसा नको. एन स्केलच्या बाजूला तारेला ०.३ मिमीचे बारीक आकडे करून नुसते अडकवा. मागच्या रुळावर वाघीण घसरली की हात तिथेच घालावा लागतो. आकडा निसटतो, मनोरा वाचतो. बोर्ड दोन तुकड्यांत उघडत असेल तर सांध्यावरून एकही तार नेऊ नका.

सबस्टेशनकडे मनोऱ्यापासून १५ सेमीवर ११ सेमी उंचीची गँट्री (तारा अडकवायची चौकट), तिथपर्यंतच्या तारा मुद्दाम सैल. त्यापुढे २५ सेमीत ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, आयसोलेटर आणि खडी पसरलेलं आवार सहज मावतं.

रेल्वेची २५ केव्हीची ओव्हरहेड वायर हा वेगळा विषय, पण दोन्ही एकत्र दिसणार म्हणून चार आकडे देतो. इंजिनाच्या छतावरचा पेंटोग्राफ जिच्यातून वीज घेतो ती तार रुळापासून साधारण ५.५५ मीटरवर, मॉडेलमध्ये ६४ मिमी. तिला पेलणारी वरची तार, म्हणजे कॅटेनरी, खांबाशी तिच्याहून १६ मिमी वर. खऱ्या खांबांतलं कमाल अंतर ७२ मीटर, म्हणजे ८३ सेमी. सरळ भागात ३५-४० सेमीवर खांब लावलेत तरी चालेल. ४५७ मिमीच्या वळणावर मात्र १८ सेमीच्या पुढे जाऊ नका. एवढ्या अंतरात वळण ९ मिमीने बाहेर जातं. खांबाशी तार ४.५ मिमी बाहेर धरली की मध्यावर तेवढीच आत येते आणि २० मिमी रुंदीच्या पेंटोग्राफवर टिकते. जास्त अंतर ठेवलंत तर पेंटोग्राफ तारेबाहेर जाऊन खालून वर येतो आणि तार ओरबाडतो.

आणि गाडी. बॉक्सएनची लांबी कपलरसह १०.७१ मीटर, एचओमध्ये १२.३ सेमी. ५८ वाघिणींचा पूर्ण रेक ७ मीटरच्या वर जातो आणि तुमचा सगळा ट्रॅक आहे ५.३ मीटर. डब्ल्यूएजी-९ इंजिनाच्या (२३.६ सेमी) मागे १४ वाघिणी आणि ब्रेकव्हॅन घ्या. त्याहून जास्त लावल्या की इंजिन स्वतःच्या शेपटीच्या मागे धावताना दिसतं. वाघिणीचं वजन ९५ ग्रॅमच्या आसपास, सगळ्यांचं सारखं. हलक्या वाघिणी पुढे आणि जड मागे राहिल्या तर वळणावर पुढच्या आतल्या बाजूला ओढल्या जाऊन पडतात. कोळशाला खरा कोळसाच कुटून १ मिमीच्या चाळणीतून चाळा, फोमच्या उंचसखल तुकड्यावर पातळ फेव्हिकॉलने बसवा.

एचओचा १६.५ मिमी ट्रॅक आपल्या ब्रॉडगेजला पावणेतीन मिमीने अरुंद पडतो. ते सोसावं लागतं, १९.३ मिमीचा ट्रॅक हाताने टाकायची तयारी असेल तर मनोऱ्याआधी ते काम काढा, कारण नंतर मधल्या मनोऱ्यावरून वाकून रूळ बसवणं अवघड जाईल.