रसद तुटली खरी, पण होती का?

अकोट तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "युद्धाच्या बातमीत वाक्य होतं, 'शत्रूची रसद तुटली असून बलाढ्य फौजेसमोर तो फार दिवस तग धरणार नाही.' रसद तुटणे आणि साठा संपणे एकच का? दुसऱ्या एका बातमीत याच ठिकाणी 'कुमक' छापलं होतं, ते चालेल का?"

सर, एकच नाही. त्या वाक्यातला अंदाज फसला तर तो नेमका याच घोळामुळे फसेल.

रसद फारसीतून आला. 'रसीदन' म्हणजे पोचणे. त्याच धातूतली रसीद, म्हणजे माल पोचल्याचा कागद. मराठीने हीच कल्पना धरून 'पावणे'पासून आपली पावती केली. तेव्हा रसद ही कोठीत पडून असलेली चीज नाही, मागून येत राहणारी आहे. फौज पुढे, दाणागोटा, वैरण, दारूगोळा मागून. म्हणून रसद येते, पोचते, अडते, तुटते. जुने लोक तर 'रसद मारली' असंही म्हणत. साठा मात्र सरतो, संपतो, तुटत नाही. आणि साठ्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: बेगमी.

मिरगाआधी गावात काय चालतं ते आठवा. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची, तुरीची डाळ करून ठेवायची, गोवऱ्या-तुराट्या कोरड्यात रचायच्या, कुटार दाबून भरायचं. मग नाल्याला पूर येऊन आठ दिवस रस्ता बंद झाला तर त्या घरी फार तर चहात साखरेऐवजी गूळ पडतो. ज्या घरचं तेलमीठ रोज दुकानातून येतं, तिथे दुसऱ्याच दिवशी चूल अडते. वाट दोघांचीही तुटली. 'रसद तुटली' हे वाक्य फक्त त्या वाटेबद्दल बोलतं. तग किती धरणार, हे बेगमी किती अन् खाणारी तोंडं किती यावर.

आता तिसरी जात, जिला तुटण्यासारखी रसद मुळात नसतेच. उदाहरण शोधायला लांब जायला नको, नागपूरकर भोसल्यांचंच घ्या. १७४२ पासून पहिल्या रघूजींचे स्वार बंगालवर जात राहिले. घोडा अन् जिनावर मावेल तेवढं सामान. नवाब अलीवर्दीखान वर्धमानजवळ त्यांच्या वेढ्यात सापडला तेव्हा दाणा तुटला तो नवाबाचा. उपाशी फौज घेऊन लढत लढत त्याला काटव्याकडे निघावं लागलं. पुढे १७५१ मध्ये त्याने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, ओडिशाही हातचा गेला. बंगाल त्या काळातला श्रीमंत सुभा. कागदावर हिशेब मांडला असता तर कुणीही नवाबाच्याच बाजूने कौल दिला असता. सरकारी घोड्यावरच्या स्वाराला आपण बारगीर म्हणायचो, त्याचं बंगालीत 'बर्गी' झालं, अन् तो शब्द तिथे आजही धाकाचा आहे. असायचाच. ज्या फौजेला रसद लागत नाही तिचं पोट रिकामं नसतं, ते शेतकऱ्याच्या कोठीतून भरलं जातं. आपल्याकडे हा भाग सांगताना लोक जरा घाईत असतात.

त्याच रघूजींचे नातू दुसरे रघूजी. त्यांच्या काळापर्यंत फौजेत पायदळ आलं, तोफा आल्या, फौज जड झाली. २९ नोव्हेंबर १८०३ ला आताच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला ती इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे मोडली. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बैलांचा विषय सारखा येतो, आणि त्याच्या छावणीला धान्य पोचवणाऱ्यांत बंजारे होते. गोण्या लादलेल्या बैलांच्या त्या चालत्या रांगेला म्हणायचं तांडा. यवतमाळ-वाशिमकडे आज जे तांडे आहेत ती एका जागी वसलेली गावं आहेत. शब्द चालायचा थांबला, नाव तेवढं राहिलं.

पण म्हणून सगळं श्रेय रसदीला देऊ नका. अडगावची लढाई मैदानात, तोफा-बंदुकांनी सुटली. त्यानंतर भोसल्यांचा डोंगरी किल्ला गाविलगड पडला १५ डिसेंबरला, तोही उपासमारीने नाही. डोंगरातून वाट काढत उत्तरेच्या अंगाला तोफा ओढून नेल्या, दोन-तीन दिवसांत तट फोडला आणि शिरले. गडावर दहा वर्षांची बेगमी असती तरी त्या खिंडाराला ती बुजवू शकली नसती.

तुमच्या वाक्यात 'बलाढ्य'ही पाहण्यासारखा आहे. धनाढ्य म्हणजे धनाने आढ्य, संपन्न. तसा हा बलाने संपन्न. पण जितकं बल जास्त तितके बैल जास्त, चंदी जास्त, पाणी जास्त. १७२८ मध्ये पालखेडला निजामाचा तोफखाना दख्खनेत नावाजलेला होता. बाजीरावाने दाणापाणी अडवलं, आणि मोठी लढाई न होताच निजाम मुंगी-शेवगावच्या तहाला बसला. तिथे बातमीदार असता तर रसदीची काळजी त्याने निजामाबद्दल लिहायला हवी होती.

तेव्हा ते वाक्य व्याकरणात ठीक आहे, पण अर्धं आहे. 'शत्रूची रसद तुटली असून त्याच्याकडे पंधरा दिवसांचीच बेगमी आहे' असं असतं तर वाचणाऱ्याला काही अंदाज बांधता आला असता. शत्रू जंगल-डोंगरातला, चार मुठी दाण्यावर राहणारा असेल तर 'रसद तुटली' लिहिणं हे हत्तीच्या मापाने शेळीचा चारा मोजणं झालं.

कुमक चालणार नाही. तो तुर्कीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ मदत. मराठीत तो मदतीला येणाऱ्या माणसांपुरता पक्का झाला: कुमक धाडली, कुमकेला धावले. ज्वारीची पोती कुमकेला येत नाहीत. उलट निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे 'त्याले वरून रसद येऊन राह्यली' म्हणतात, त्यावर कुणी नाक मुरडतं. मला तो वापर अगदी चोख वाटतो. मागून येते, वाटेत अडते, अन् थांबली की दुसऱ्या दिवशी प्रचाराची गाडी दारात उभी.